जोत्यावरची वखार आणि बॅटरीचा पॅलेट ट्रक

पेण आणि रोहे येथील लहान वखारदारांपुढे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पॅलेट ट्रकचा विषय काढला, की परस्परांना छेद देणारे दोन आक्षेप एकाच बैठकीत ऐकावयास मिळतात. पहिला असा, की हाताने ओढावयाचा पॅलेट ट्रक अडीच टन पेलतो, त्याला ना वीज लागते ना मिस्त्री, तेव्हा बॅटरीचे हे थेर हवेत कशाला? दुसरा असा, की घ्यावयाचेच तर दांडगे यंत्र घ्यावे. दीड टनाचे खेळणे आणून पुढे पस्तावण्यात काय हशील? आमच्या मते हे दोन्ही पूर्वपक्ष एकाच ठिकाणी चुकतात: दोघांचीही नजर टनांवर खिळलेली आहे आणि वखारीच्या दारातील उताराकडे कोणीच पाहिलेले नाही.

कोकणातील वखार जोत्यावर उभी असते. भोगावती किंवा कुंडलिका फुगली म्हणजे अंगणात पाणी येणार, हे गृहीत धरूनच जुन्या लोकांनी ती तजवीज केली. पण जोते आले की उतार आला, आणि जागेच्या टंचाईमुळे तो बहुधा आखूड आला. जोते दोन फुटांचे आणि उतार दहा फुटांचा असेल, तर एक टनाचे पॅलेट सुमारे २०० किलोच्या जोराने खाली ओढ घेते. सपाट, गुळगुळीत कोब्यावर तेच पॅलेट वीस-तीस किलोच्या ओढीने चालते, म्हणून विक्रेत्याच्या दुकानात हातट्रक लोण्यासारखा सरकतो. साध्या हातट्रकला बहुधा ब्रेक नसतो. श्रावणातल्या ओल्या उतारावर त्याच्या खालच्या अंगाला उभा असलेला हमाल हाच त्याचा ब्रेक. अडीच टन पेलण्याची शेखी मिरविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

बॅटरीच्या यंत्राची खरी थोरवी ते ओढते यापेक्षा ते थांबते यात आहे. दांडा हातातून सुटला, की स्प्रिंगच्या जोराचा विद्युतचुंबकी ब्रेक आपोआप लागतो आणि माल आहे तेथे उभा राहतो. मात्र मंडन करतानाही अतिशयोक्ती नको: या जातीची छोटी यंत्रे भरल्या मालानिशी साधारणपणे शेकडा पाच-सहा चढच चढतात. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला उतार तेहतीस ते चाळीस फूट लांब हवा. अंगण तेवढे नसेल, तर पोती उतारावरून पाठीवर आणावीत आणि यंत्राने आतलेच काम करावे. आखूड उतारावर त्याला घालणे म्हणजे अपघातास आवतण देणे होय.

आता दांडग्या यंत्राचे समर्थक. पेणच्या भातगिरणीची ५० किलोची वीस पोती म्हणजे एक टन. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील २०० लिटरची चार पिंपे एका पॅलेटवर मांडली, तरी वजन बहुधा एक टनाच्या आसपासच राहते. मग दीड टनाच्या वर क्षमता घेऊन ती ठेवावयाची कोठे? छोटे यंत्र स्वतः दीडशे किलोच्या आसपास भरते आणि थप्प्यांमधील अरुंद वाटेत वळते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे मोठे यंत्र त्याच्या कित्येक पट जड, त्याला रात्रभर चार्जिंग, पाण्याची निगा आणि हायड्रोजन बाहेर जाण्यास हवा खेळती ठेवणे, एवढा सरंजाम लागतो. छोट्या यंत्राची लिथियमची बॅटरी हाताने काढून मुनिमाच्या टेबलाजवळील साध्या प्लगवर लावता येते, आणि २४ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची असली तर अर्धा युनिटही वीज साठवत नाही. पावसाळ्यात वीज जाण्याची भीती असेल त्याने जोडबॅटरी घ्यावी. जनरेटरपेक्षा ते स्वस्त.

हमालाच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप मात्र चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तो या मानेवरच्या ओझ्यापायीच. पण पोते ट्रकातून पॅलेटवर येणे आणि थप्पीला लागणे हे हातानेच होणार. यंत्र वाचवते ती मधली चाल. मजुरी पोत्यामागे ठरली असेल, तर यंत्र आल्याच्या निमित्ताने दर कापणार नाही, हे मालकाने आधीच लेखी कबूल करावे. ते न करता हमालाच्या कल्याणाची भाषा बोलणे हे ढोंग आहे.

हातट्रकाचाही हक्क एके ठिकाणी अबाधित आहे. धाटावात ज्वलनशील द्रावकांची पिंपे असतील, तेथे ठिणगी उडू शकणाऱ्या साध्या मोटारीला मज्जाव हवा. तेथे ज्वालारोधक बनावटीचे यंत्र किंवा हातट्रकच. हमरापूर-जोहे येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत भावनगरकडून येणारी शाडूची पोती बॅटरीच्या यंत्रावर खुशाल न्यावीत, पण कच्ची मूर्ती नेऊ नये: लहान चाके फरशीच्या प्रत्येक सांध्यात दचकतात आणि मूर्तीची बोटे तो धक्का सोसत नाहीत. यंत्र घेताना त्याच्या काट्यांखाली एकेरी चाकांऐवजी जोडचाके मागावीत, तळाला आडव्या फळ्या असलेल्या आपल्या जुन्या पॅलेटांत ती शिरतात का तेही पाहावे, आणि बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्याला यंत्रासह वखारीत बोलावून, आपलेच भरलेले पॅलेट त्यावर चढवून, पाणी शिंपडलेल्या आपल्याच कोब्यावर त्यालाच चालवावयास सांगावे.