किडक्या लाकडातली शिल्लक

दसरा जवळ आला की घरोघरी माळे आणि अडगळीच्या खोल्या साफ होतात आणि परसात लाकडांचा एक ढीग पडतो. मोडक्या पाटाची फळी, जुन्या देव्हाऱ्याची कड, कॉटचा एखादा पाय. कुणीतरी त्यातला तुकडा उचलून जमिनीवर आपटतं, पिठासारखा भुसा सांडतो आणि लगेच निकाल लागतो, ‘किडलंय, बंबात घाला.’ आपल्या भागात हा निकाल दोन्ही भाषांत सारखाच लागतो. मराठीत लाकडाला कीड लागते. कन्नडमध्ये ‘हुळ हत्तैति’ म्हणतात, म्हणजे तिथेही ती लागतेच.

या ढिगातलं सगळंच वाचवण्याजोगं नसतं, पण सगळंच जाळण्याजोगंही नसतं. मोठ्या सामानाला नालायक ठरलेल्या लाकडातून हाताएवढ्या सुंदर वस्तू होतात. मात्र त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात : लाकूड कुणी खाल्लंय आणि खाणारा अजून आत आहे का?

खाणारे तिघे. पहिली वाळवी, कन्नडमधली गेद्दलु. ही मातीचे बोगदे करत येते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतलं लाकूड फस्त करते. अंगठ्याने दाबल्यावर लाकूड आत बसलं, तर त्याचा मोह धरू नये. दुसरा मोठा काळा भुंगा. वाशात किंवा बांबूत करंगळी जाईल एवढं गोल भोक दिसलं, तर ते याचं. हा खरं तर लाकूड खात नाही, आत फक्त घर करतो. कोरडं लाकूड कोरणारा हाच भुंगा कमळाच्या पाकळ्यांत मात्र अडकून पडतो, हा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला दृष्टान्त आपण कीर्तनात ऐकलेला असतो. तिसरा अगदी बारीक भुंगेरा. त्याची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि भुसा टाल्कम पावडरसारखा मऊ. याची अळी लाकडातल्या पिष्टावर जगते, म्हणून ती सहसा सालीलगतच्या पांढरट भागात असते. सागवानी खांबाची कड भुसभुशीत होते आणि तपकिरी गाभा टणक राहतो, त्याचं कारण हेच.

या तिसऱ्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. भोक दिसलं की आपल्याला वाटतं, किडा इथून आत शिरला. प्रत्यक्षात ते बारीक भोक म्हणजे भुंगेरा बाहेर पडल्याची खूण असते. आत अळ्या उरल्यात की नाहीत, हे नुसत्या भोकावरून कळत नाही. त्यासाठी लाकूड झटकून काळ्या कागदावर ठेवावं आणि महिनाभर हलवू नये. कागदावर ताजा, फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. भोकांच्या कडा काळवंडलेल्या असतील आणि भुसा पडत नसेल, तर बहुधा जुनी गोष्ट आहे. तरीही असं लाकूड उपचाराशिवाय घरातल्या चांगल्या फर्निचरशेजारी ठेवू नये. एका हौसेच्या तुकड्यापायी घरचं कपाट किडायला नको.

नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नका, कारण उन्हाची धग जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचेलच असं नाही. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे : लाकडाचा गाभाही किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापला पाहिजे. कमी तापमानावर ठेवता येणारा ओव्हन असेल, तर रंग-पॉलिश नसलेले छोटे तुकडे ६०-६५ अंशांवर तीन-चार तास ठेवावेत आणि त्या वेळी जवळ थांबावं. दुसरा मार्ग थंडीचा. तुकडा पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवावा. त्यानंतर टाकणखार, म्हणजे कन्नडमधला बिळिगार, आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोन-तीन हात द्यावेत. हे द्रावण मुलांपासून दूर ठेवावं.

हे सगळं आमच्या घरात कामाला आलं ते २०१९ नंतर. त्या ऑगस्टच्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात कितीतरी मातीची घरं बसली. खानापूर तालुक्यातलं माझं माहेर त्यातलंच एक. जुनं लाकूड घेणाऱ्याने तुळया आणि चौकटी बऱ्या भावाने नेल्या. माजघरातला एक खांब मात्र त्याने जळणाच्या भावात मागितला. कडा किडलेल्या, मधोमध मोठी गाठ, वरच्या अंगाला भुंग्याचं भोक. पण आई त्याच खांबाला रवी बांधून ताक घुसळायची. दोरीच्या घर्षणाने त्याला बोटभर खोल घळ पडली होती. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही तिघं भावंडं. खांब कुणालाच द्यायचा नव्हता आणि ठेवायला कुणाकडेच जागा नव्हती. थोरला म्हणे अख्खा ठेवा, धाकट्याचा बेंगळुरूतला फ्लॅट दोन खोल्यांचा. आमच्यात आवाज चढले, हे इथे लपवत नाही.

वाट काढली ती धाकट्या भावजयीने. ती धारवाडकडची, आमच्याशी निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारी. ती म्हणाली, ‘अक्का, घळ असलेला तुकडा आडवा कापा आणि मग भाकरीचे तुकडे करतो तसे त्याचे उभे तीन करा. तिघांनाही अत्तींच्या हातचं मिळेल.’ सुतारमामांनी तसंच केलं. आधी किडकी कड तासून जाळली. मग गाभ्यातून तीन पाचरी निघाल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर त्या घळीचा एकेक भाग आला. राहिलेल्या बारीक भोकांत भरायला मामा भुसा आणि गोंद कालवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, ‘इरली बिड्री.’ राहू द्या. मामांनी डबी बाजूला ठेवली. भुंग्याच्या भोकाचा तुकडा मी घेतला. त्यात आता मोरपीस उभं असतं. गाठीचा तुकडा भावजयीने मागून घेतला.

गाठीचं थोडं सांगायला हवं. झाडाची फांदी जिथे खोडात रुजलेली असते, तिथे लाकडात गाठ दिसते. तिथे रेषा वळतात, रंधा मारला की लाकूड उचकटतं आणि ताकदही कमी पडते, म्हणून सुतार ती टाळतो. पण ज्या वस्तूवर कसलाच भार यायचा नाही, तिला हे वळण शोभून दिसतं. इथे रंध्याऐवजी कानस आणि पॉलिश पेपर वापरावा. कन्नडमध्ये गाठीला गंटु म्हणतात. गंटु म्हणजे गाठोडंही आणि साठवलेला पैसाही. आपणही ‘गाठीला चार पैसे असावेत’ असंच म्हणतो.

मोठ्या कामाला न चालणाऱ्या लाकडातून लहान वस्तू घडवणं आपल्या दोन्ही बाजूंना नवं नाही. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होत आली, तो दारा-खिडक्यांच्या कामाचा नाही. चन्नपट्टणची खेळणी हाले मराची, म्हणजे आपल्या काळ्या कुड्याची. कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळचे चित्रगार हलक्या लाकडाच्या मूर्ती करतात आणि त्यावर तागाच्या चिंध्यांची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांचा ‘कित्त’ नावाचा लगदा चढवतात. सावंतवाडीचे चितारी आणि किन्नाळचे चित्रगार, दोघांच्या नावातही एकच चित्र आहे.

तुम्हाला भोकं बुजवायची असतील, तर बारीक भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा. भुसा त्याच लाकडाचा घेतला तर डाग कमी दिसतो. मात्र वस्तू विकायची किंवा भेट द्यायची असेल, तर भोकं बुजवली आहेत आणि कीड मारली आहे, हे घेणाऱ्याला सांगावं. घासताना तोंडाला मास्क हवाच. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून तो सुका घासू नये. शेवटी जवसाचं, आपण अगशीचं म्हणतो ते, कच्चं तेल पातळ लावून पुसावं आणि आठवडाभर वाळू द्यावं. पुसायचा तेलकट फडका चुरगाळून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा. आणि हे लाकूड झोपाळ्याला, स्टुलाला किंवा भिंतीतल्या फळीला कधीही वापरू नका. किल्ल्यांची पाटी, सुक्या फुलांचा ठोकळा, गळ्यातलं पदक, कागदावर ठेवायचं वजन, एवढंच त्याला झेपतं.

यंदा ढीग बंबाकडे नेण्याआधी एक काम करा. लाकडाची एक बाजू थोडी घासून तिच्यावर ओला फडका फिरवा. पाणी सुकेपर्यंतच्या मिनिटभरात ते लाकूड तेल लावल्यावर कसं दिसेल ते कळतं. मग ठरवा.