लंबक आणि लूप

बी.एस्सी. भौतिकीत प्रोग्रामिंग दोन वाटांनी शिरते: स्वतंत्र विषय म्हणून, किंवा प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून. हुबळीजवळच्या तारिहाळहून हुबळी-धारवाडच्या कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली वाट ओळखीची असते. कर्नाटकात बारावीनंतर पीसीएम (भौतिकी, रसायन, गणित) घ्यायचे की पीएमसीएस, ही चर्चा घरोघर होते. पीएमसीएस म्हणजे भौतिकी, गणित आणि संगणकशास्त्र. २०२१-२२ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाने या गटांची रचना बदलली आणि २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. या उलथापालथीत एक गोष्ट तशीच राहिली. संगणकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी सी भाषेत अंक चढत्या क्रमाने लावतो, भौतिकीच्या तासाला लंबक हलवतो, आणि तीन वर्षांत या दोन वह्यांची गाठ पडत नाही.

ती गाठ घालायला लंबकच पुरेसा आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने २.०१ सेकंद येतो. हे सूत्र लहान कोनापुरते खरे, असे प्रत्येक जर्नलात लिहिलेले असते. पण ‘लहान’ म्हणजे किती, हे कोणी तपासत नाही. दहा अंशांवर दहा आंदोलनांमागे फरक पडतो जेमतेम ०.०४ सेकंदाचा, स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक त्याहून मोठी असते. साठ अंशांवर मात्र दोलनकाल ७.३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहा आंदोलनांत दीड सेकंदाच्या आसपास, आणि साध्या घड्याळानेही तो पकडता येतो. इथे कागदावरचे सोपे सूत्र संपते. समीकरण वेळेचे बारीक तुकडे पाडून सोडवावे लागते. पायथनमध्ये त्याला पंधरा-वीस ओळी लागतात.

त्या ओळींतली पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. जुन्या वेगावरून नवी जागा आणि जुन्या जागेवरून नवा वेग, अशी ऑयलरची सरळ पद्धत वापरली की पडद्यावरचा लंबक दर फेरीला थोडा अधिक उंच जातो. ऊर्जा कुठून आली, हे विचारण्याची हीच वेळ. आधी वेग बदलून त्या नव्या वेगाने जागा काढली की आलेख जाग्यावर येतो. अ‍ॅलन क्रोमर यांनी १९८१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये ही रीत मांडली. ती हाती लागली अ‍ॅबी अ‍ॅस्पेल या शाळकरी मुलीच्या प्रोग्राममुळे: तिच्याकडून ओळींचा क्रम चुकून उलटा झाला होता. यानंतरही साठ अंशांवरच्या दहा आंदोलनांना प्रोग्राम २१.५ सेकंद सांगतो आणि घड्याळ त्याहून कमी दाखवते. कारण खरा लंबक हवेत मंदावतो, कोन लहान होत जातो आणि दोलनकालही उतरतो. अवरोधाचे पद मिळवून दोन्ही आकडे जुळवायचे, एवढ्यात एक प्रात्यक्षिक भरते.

दुसरे उदाहरण तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीला जवळचे. तापवलेली पोलादी सळई टोकाकडून कशी थंड होते, हे उष्णतावहनाच्या समीकरणाने कळते. सळईचे १ सेंमीचे तुकडे पाडले तर साध्या पद्धतीत वेळेची पायरी सुमारे ४ सेकंदांपर्यंत चालते. तुकडे १ मिमीचे केले की ती ०.०४ सेकंदांवर येते. मर्यादा ओलांडली की तापमाने उणे-अधिक उड्या मारू लागतात. बारकावा दहापट हवा, तर काम हजारपट. कारखान्यात असली गणिते करणारी तयार सॉफ्टवेअर असतात. त्यांनी दिलेल्या रंगीत चित्रावर किती विश्वास ठेवायचा, हे असा घोळ एकदा स्वतः घातलेल्यालाच कळते.

संगणकावर भौतिकी सोडवण्याला जुनी परंपरा आहे. मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत सीडीसी ३६०० या संगणकावर द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल मोजली. त्याच वर्षी त्याच जातीचे यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसले. आज हुबळीतल्या कोणत्याही कॉलेजातला संगणक त्याहून कितीतरी बलवान आहे, त्यामुळे यंत्राची सबब चालत नाही.

अडचण परीक्षेची आहे. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी होणाऱ्या जॅमच्या भौतिकीच्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग नाही, म्हणून तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते बाजूला ठेवतो. पुढे नेट या पात्रता परीक्षेच्या भौतिकीत सिम्प्सनचा नियम, रुंगे-कुट्टा आणि परिमित फरकाच्या पद्धती समोर येतात, आणि त्या तो सूत्रांसारख्या पाठ करतो. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. जर्नलाचे गुण विभागाच्या हातात असतात. प्रोग्रामची छापील प्रत चिकटवली म्हणून गुण देण्याची प्रथा मोडावी. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: हाताने घेतलेली रीडिंग, त्याच आलेखावर प्रोग्रामची रेघ, आणि वेळेची पायरी निम्मी केल्यावर उत्तर किती हलले याची नोंद. तोंडी परीक्षेत परीक्षकाने प्रोग्रामची एक ओळ खोडावी आणि आता लंबक काय करील, एवढेच विचारावे.