आजोबांचा दाखला आणि नातवाचे नागरिकत्व

पणजीच्या पुराभिलेख खात्यात जुन्या जन्मनोंदी शोधावयास जे लोक येतात, त्यांत इतिहासाचे अभ्यासक थोडे आणि पोटापाण्याच्या विवंचनेतील तरुण पुष्कळ. त्यांना हवी असते ती आजोबांच्या अथवा आजीच्या जन्माची पोर्तुगीज भाषेतील नोंद. मुक्तीपूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा जन्माने पोर्तुगीज समजत आला आहे. त्या माणसाचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवावयाचा, मग त्याचा विवाह, मग त्याच्या मुलाचा जन्म, असे एकेक दुवे जोडीत नातवापर्यंत पोहोचता येते. ही साखळी पुरी झाली की नातवाच्या हाती युरोपचे पारपत्र पडते.

पूर्वजांच्या जन्मस्थानावरून नागरिकत्व मागण्याची चाल जगात नवी नाही. आयर्लंडमध्ये आजी किंवा आजोबा जन्मले असतील तर त्यांच्या परदेशस्थ नातवाला आयरिश नागरिक होता येते. इटलीने तर कित्येक पिढ्या मागे जाण्याची मुभा ठेवली होती. ती २०२५ साली आवरून साधारणतः आईवडील व आजीआजोबा यांच्यापर्यंत आणली. परंतु त्या देशांचे आजोबा बोटीत बसून अमेरिकेला अथवा आर्जेंटिनाला गेले होते. आमचे आजोबा फोंड्याची वेस ओलांडून क्वचितच कोठे गेले असतील. ते जेथे जन्मले तेथेच वारले. परके होते ते राज्य. आणि त्या राज्याचा दावा असा की, गोवा ही वसाहत नव्हेच. तो समुद्रापलीकडला पोर्तुगालच! १९५१ साली सालाझारने घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले ते याचसाठी. जगाने वसाहती सोडा म्हटले की आमच्याकडे वसाहती नाहीतच, असे सांगावयास तो मोकळा झाला.

या दाव्याला खोटे म्हणणे हाच तर मुक्तिलढ्याचा गाभा होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहिया मडगावला उभे राहिले तेव्हापासून आग्वादच्या कोठड्या भरत गेल्या. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबले. आम्ही पोर्तुगीज नाही, एवढेच या माणसांचे म्हणणे होते. सालाझार गेला, त्याची राजवट १९७४ च्या एप्रिलमध्ये कोसळली, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरेस यांनी दिल्लीत करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भूमीचा प्रश्न मिटला. परंतु त्या भूमीवर जन्मलेल्या माणसांचे जुने राष्ट्रीयत्व पोर्तुगालने काढून घेतले नाही. ज्या कल्पनेला आमच्या लोकांनी तुरुंगात जाऊन नाकारले, तिच्याच आधारावर आज त्यांच्या गावची नातवंडे लिस्बनला अर्ज करीत आहेत.

यावरून काही मंडळी देशद्रोहाची भाषा बोलतात. आम्हांला ती मान्य नाही. या तरुणांना पोर्तुगालचे प्रेम आलेले नाही. त्यांतील बहुतेकांना लिस्बनमध्ये राहावयाचेही नसते. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समूहात गेला, आणि त्याच्या पारपत्राला जी किंमत आली ती लंडन व स्विंडन येथील मजुरीमुळे. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला व त्या वर्षअखेर मुक्त प्रवेशाचे दार लावून घेतले. तेव्हापासून नव्याने जाणाऱ्यांच्या नजरा आयर्लंड आणि जर्मनीकडे वळल्या आहेत. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, सरकारी नोकरीसाठी कोणाचे ना कोणाचे पाय धरावे लागतात, ही ज्यांची घरची स्थिती, त्यांना स्वाभिमानाचे धडे देणे सोपे आहे. हे केवळ सासष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांचे वेड आहे, अशी समजूत करून घेणाऱ्या हिंदू बांधवांनीही जरा आपल्या वाड्यात चौकशी करावी. कारकुनाने 'प्रभू'चे 'पोरोबो' आणि 'कामत'चे 'कामोतीं' करून ठेवले. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर ती नावे पुन्हा मूळपदावर आली. आता तेच 'पोरोबो' आणि 'प्रभू' एकच, अशी प्रतिज्ञापत्रे करण्याची धावपळ हिंदू घरांतही चालते.

दोष असलाच तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. आपण काय सोडीत आहोत, हे अर्ज करणाऱ्यास कोणी नीट सांगत नाही. दलाल तर मुळीच सांगणार नाही.

पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते. भारताला चालत नाही. २८ मार्च १९६२ च्या केंद्रीय आदेशाने, जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील अथवा आजीआजोबा यांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले होते, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक ठरला. जुनेच राष्ट्रीयत्व ठेवावयाचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावयाचे होते. म्हणजे ज्या आजोबांच्या जन्मावर नातू आज पोर्तुगीज होऊ पाहतो, त्याच आजोबांच्या जन्मावर त्याचे घर भारतीय झाले! पुढे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम येते. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी पारपत्र हा त्याचा निर्णायक पुरावा. यात संदिग्धता नाही. संदिग्धता आहे ती पारपत्राच्या अलीकडे. ज्याने जन्म लिस्बनला नोंदवला, पण पारपत्र घेतले नाही, तो कोण? नवव्या कलमात 'नोंदणी' हा शब्द आहे, पण तेथे अभिप्रेत आहे ती नागरिक म्हणून झालेली नोंदणी. लिस्बनमध्ये होते ती जन्माची नोंद. पोर्तुगालच्या दृष्टीने ती नवे काही देत नाही, जन्मापासून होते तेच लिहून घेते. मग 'स्वेच्छेने घेतले' असे म्हणावे की 'जन्मतःच होते' असे म्हणावे? एखाद्याची नोंद त्याच्या वडिलांनी परस्पर करून टाकली असेल तर?

हा वकिलांचा खेळ समजू नये. निवडणुका आल्या की उमेदवारांच्या लिस्बनमधील नोंदी बाहेर काढल्या जातात, मतदारयादीतील नावांवर हरकती घेतल्या जातात. पारपत्र घेऊनही गप्प राहिलेला माणूस सापडला की त्याचे भारतीय पारपत्र रद्द होते, आणि पुढे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळवताना त्याची दमछाक होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यावर पुष्कळ बोलले गेले. ते कार्ड मिळाले तरी त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणारी जमीन सुटत नाही हे खरे. पण आमच्याकडील घरे सामाईक, वारस चार देशांत, आणि सहीसाठी एक जरी अडला तरी वाटणी वर्षानुवर्षे लोंबकळते. अशी कुलूपबंद घरे कोणाच्या घशात जातात, हे बार्देश-सासष्टीतील माणसाला सांगावे लागत नाही.

परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याच नवव्या कलमान्वये केंद्र सरकारकडे आहे. मामलेदाराकडे नाही आणि प्रतिस्पर्धी पक्षाकडे तर नाहीच. तेव्हा केवळ जन्मनोंदीचा परिणाम काय, हे गृहमंत्रालयाने राजपत्रात एकदा स्पष्ट शब्दांत छापावे. अज्ञान असताना वडिलांनी नोंदविलेल्या मुलाला, सज्ञान झाल्यावर ती नोंद नाकारून भारतीय राहण्यास ठरावीक मुदत द्यावी. १९६२ साली मोठ्यांना एक महिना दिला होता, यांना एक वर्ष देण्यास हरकत नसावी. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन सदस्य आहेत. येत्या अधिवेशनात त्यांपैकी एकाने तरी हा प्रश्न लेखी विचारावा.