मरीआईचा नवा गाडा

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी नळाला आले, की आमच्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात नगरपरिषदेची एक रिक्षा फिरू लागते. टपावर कर्णा बांधलेला असतो आणि त्यातून एकच वाक्य दिवसभर गल्लोगल्ली ऐकू येते : नागरिकांनी पाणी गाळून व उकळून प्यावे. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य स्थानिक वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापून येते, आणि आपले कर्तव्य यथासांग पार पडले असे समजून कचेरी पुन्हा आपल्या कामाला लागते. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की ते आपल्याला आरोग्याचा उपदेश वाटते. वस्तुतः तो एक कबुलीजबाब आहे. आणि कबुलीजबाब देऊनही आरोपीला काहीच भोगावे लागू नये, अशी सोय त्यात केलेली आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या वाक्याचे व्याकरण एकदा तपासून पाहावे. कर्ता नागरिक, कर्म पाणी, क्रियापद विध्यर्थी. ज्याने पाणी दिले तो या वाक्यात नाही. ज्याच्या हयगयीने ते नासले तोही नाही. पाणी का उकळायचे, त्यात काय आढळले, ते कोणत्या टाकीचे आणि कोणत्या पेठेचे, हे दोष किती दिवसांत दूर होणार, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यात जागा नाही. जबाबदारी मात्र अचूक सांगितली आहे, आणि ती पाणीपट्टी भरणाऱ्याची आहे.

जुन्या काळी गावात पटकीची साथ आली, की लोक मरीआईचा गाडा काढीत. देवीला गाड्यात बसवून, वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत नेत आणि पलीकडे सोडून येत. रोग गेला, म्हणजे शेजारच्या गावात गेला. त्या गावाने मग तो पुढच्या शिवेवर न्यावा. आपण सुशिक्षित माणसे या प्रथेला हसतो. पण कर्णा लावलेली ती रिक्षा म्हणजे मरीआईचा नवा गाडाच नव्हे काय? नगरपरिषदेने आपल्या हद्दीतला रोग वाजतगाजत नेऊन प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी सोडला आहे. फरक इतकाच, की जुन्या गाड्याला निदान सारे गाव एकत्र खांदा देत असे. हा गाडा प्रत्येक घराने एकट्याने ओढायचा आहे, आणि घरातही बहुधा एकट्या बाईने.

हे ओझे किती आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून तो येथे मांडतो. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास रोज पंधरा लिटर पाणी धरले, तर ते पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास, साध्या शेगडीची कार्यक्षमता लक्षात घेता, सुमारे १७० ग्रॅम गॅस लागतो. महिन्याला पाच किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ पाणी उकळण्यात जातो. ज्या घरात सिलिंडर दोन महिने पुरवावा लागतो, त्या घराला हा उपदेश पाळता येत नाही, आणि तो पाळता येत नाही हे उपदेशकालाही ठाऊक असते. जेथे चुलीवर लाकूड जळते तेथे तर पाण्याची किंमत बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने चुकवायची असते. शिवाय उकळल्याने जंतू मरतात. पाण्यातील नायट्रेट, फ्लोराइड वा आर्सेनिक जात नाही, उलट वाफ होऊन पाणी घटते तसे त्यांचे प्रमाण वाढते. उकळणे हा साथीच्या दिवसांतला तातडीचा उपाय आहे आणि त्या दिवसांत तो केलाच पाहिजे. वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाचा तो पर्याय होऊ शकत नाही.

आता पाणी नासते कोठे, ते पाहू. सर्वसाधारण समजूत अशी, की दोष नदीत असतो किंवा शुद्धीकरण केंद्रात असतो. तेथे तो असतोच. तुरटीचा डोस वेळेवर पडत नाही, गाळणीची वाळू वर्षानुवर्षे बदलत नाही, टीसीएल पावडर ओलीत पडून निकामी होते. परंतु केंद्रातून पाणी शुद्ध होऊन निघाले, तरी ते नळापर्यंत शुद्ध पोहोचेलच असे नाही. आपल्या लहान गावांत पाणी दिवसातून तासभर, कोठे दिवसाआड, कोठे आठवड्यातून एकदा सुटते. उरलेल्या वेळी नळ रिकामे आणि दाबरहित असतात. घरोघरच्या जोडनळ्या गटारातून वा गटाराच्या काठाने गेलेल्या असतात. त्यांचे सांधे गळके असतात. पाणी सुरू असताना ज्या भोकातून ते बाहेर गळते, त्याच भोकातून पाणी बंद झाल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात ज्यांना शक्य आहे ते थेट नळाला विजेची मोटर लावतात. तिच्या ओढीने शेजाऱ्याचे पाणी तर जातेच, पण गटाराचे पाणीही नळात येते. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटे जे काळपट, वास येणारे पाणी येते, ते असे रात्रभर साचलेले असते. म्हणून ‘आम्ही केंद्रात तपासले, तेथे पाणी चांगले होते’ हे उत्तर खरे असूनही निरुपयोगी आहे. तपासायचे ते शेवटच्या घरचा नळ सुटल्यावर.

याचे परिणाम काय होतात, हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणीकेंद्राच्या तोंडाशी आले. क्लोरीन वाढविण्यात आले, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही; पण काविळीचा विषाणू त्या क्लोरीनला पुरून उरला आणि एकोणतीस हजारांहून अधिक माणसे कावीळ होऊन पडली. ती कावीळ आज हिपेटायटिस ई या नावाने ओळखली जाते. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ज्या स्त्रिया तिला सापडतात, त्यांपैकी शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत दगावू शकतात. म्हणजे नासलेले पाणी साऱ्या गावाला सारखे मिळते, मरणाची वाटणी मात्र सारखी होत नाही. दिल्लीचा हा धडा गिरवूनही २०१२ मध्ये इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात काविळीने बळी घेतलेच. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिमल्याला, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून नीट शुद्ध न झालेले पाणी अश्वनी खड्डमध्ये, म्हणजे शहराच्याच पाण्याच्या उगमात, मिसळत राहिले आणि पुन्हा तीच साथ उसळली. साठ वर्षांत विषाणूचे नाव कळले, त्याची तपासणी आली. नाल्याचे तोंड आणि नळाचे तोंड यांतले अंतर मात्र वाढले नाही.

कायद्याचा अभाव आहे असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात पाणीपुरवठा हे परिषदेचे आवश्यक कर्तव्य मानले आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक १९८३ मध्ये निघाले, १९९१ आणि २०१२ मध्ये सुधारले. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू आढळता कामा नये आणि लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे ते सांगते. १९९१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे म्हटले. मग उणे कोठे आहे? ते येथे आहे : बाटलीत भरून विकलेल्या पाण्याला २००१ मध्ये मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ती अट २०२४ मध्ये निघाली, तरी ते पाणी अन्नसुरक्षेच्या व्यवस्थेत अधिक जोखमीचा पदार्थ म्हणून गणले गेले. म्हणजे बाटली सदोष निघाली तर कोणाला तरी पकडता येते. नळाच्या पाण्याचे मानक मात्र पुरवठादारावर तशा सक्तीने बांधलेले नाही. ते पाळावे अशी अपेक्षा आहे. विकत घेतलेल्या पाण्याला कायदा आणि सार्वजनिक पाण्याला सदिच्छा, ही आपली न्यायबुद्धी. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांतील नळांचे नमुने तपासून क्रम लावला. मुंबई सर्व कसोट्यांना उतरली, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई उतरल्या नाहीत, आणि त्यावर काही दिवस मोठा वाद रंगला. पण ती यादी राजधान्यांची होती. ज्या गावाला राजधानी होता येत नाही, त्याच्या नळाची बातमीही होत नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला जुन्या पिढीचा : आम्ही लहानपणी नदीचे पाणी ओंजळीने प्यालो, आम्हाला काही झाले नाही. हा युक्तिवाद करायला जे हयात आहेत त्यांना काही झाले नाही, हे उघडच आहे. ज्यांना झाले ते साक्षीला येऊ शकत नाहीत. त्या पिढीतल्या कोणत्याही घराची वंशावळ काढून पाहावी. ‘लहानपणी वारला’, ‘तान्ही असताना गेली’ अशा नोंदींनी ती भरलेली असते. शिवाय त्या नदीत तेव्हा साऱ्या गावाचे संडास सुटलेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पैसा नाही. पाणीपट्टीतून विजेचे बिलही भागत नाही, आणि लोक तीही थकवतात. हे खरे आहे. पण लोक पाण्याला पैसे देत नाहीत हे खरे नाही. ज्या गल्लीत पाणीपट्टी थकलेली असते, त्याच गल्लीत रोज सकाळी वीस लिटरच्या जारचा टेंपो उभा राहतो, आणि त्या जारचे पाणी कोणी तपासले हे विचारण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. लोक द्यायला तयार आहेत. नगरपरिषदेच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरलेला नाही, एवढेच. हा विश्वास परत मिळविता येतो, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. कराडजवळच्या मलकापूरने, एका लहानशा नगरपंचायतीने, चोवीस तास दाबाने पाणी, घरोघर मीटर आणि वापराप्रमाणे चढता दर ही योजना चालवून दाखविली. ओडिशातील पुरीने, जेथे यात्रेकरूंचा पूर लोटतो, २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट प्यावे असे जाहीर केले. ही गावे काही परदेशात नाहीत. नळात सतत दाब राहिला, तर बाहेरची घाण आत शिरू शकत नाही; हे शास्त्र इतके साधे आहे.

मग हे आमच्या गावात का होत नाही? याचे उत्तर देताना बोट स्वतःकडेच वळवावे लागते. ज्यांच्या बोलण्याला कचेरीत वजन आहे, त्या डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी मंडळींनी आपापल्या स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्र बसविले आणि त्या दिवसापासून त्यांचा नळाशी असलेला संबंध भांडी घासण्यापुरता उरला. या सभांतून आणि संमेलनांतून आपण ज्या व्यासपीठांवर बसतो, त्यांवरही बाटल्याच मांडलेल्या असतात. तक्रार करण्याची ऐपत असलेला वर्ग रांगेतून बाहेर पडला. रांगेत उरले ते, ज्यांची तक्रार कोणी लिहूनही घेत नाही. नळाचे पाणी गढूळ होण्याच्या आधी त्याचे सार्वजनिकपण गढूळ झाले आहे.

आणि हे महाराष्ट्रात व्हावे, याचा अधिक विषाद वाटतो. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात झाला; १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव होता, पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह त्या तळ्यावर जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले, तेव्हा कागदावरच्या त्या ठरावाला अर्थ आला. पाणी सार्वजनिक आहे, याचा अर्थ त्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हा त्या दिवसाचा सिद्धान्त होता. ज्यांना यंत्र परवडते त्यांना शुद्ध पाणी आणि ज्यांना परवडत नाही त्यांना कर्ण्यावरचा उपदेश, ही वाटणी त्या सिद्धान्ताशी मुळीच जुळत नाही. पाणवठ्यावर आता कोणी अडवत नाही. पण पाणवठा ओलांडून जाण्याची सोय ज्यांनी करून घेतली, त्यांनी मागे राहिलेल्यांसाठी काय ठेवले, हे विचारायला हवे.

म्हणून मागणी मोठ्या योजनेची नाही. ती पुढे होईल. आज एवढेच व्हावे : प्रत्येक प्रभागातील शेवटच्या घरच्या नळाची तपासणी ठरलेल्या दिवशी व्हावी आणि क्लोरीन किती, जंतू आढळले की नाही, याचा फलक नगरपरिषदेच्या दाराशी आणि त्या प्रभागातही लागावा. गटारातून जाणाऱ्या जोडनळ्यांची यादी करून त्या उचलण्याची तारीख जाहीर व्हावी. पाणी वाईट निघाले तर रिक्षेवरच्या कर्ण्याने तेच सांगावे : आम्ही दिलेले पाणी अमुक भागात दूषित आढळले आहे, दोष अमुक ठिकाणी आहे, तो अमुक दिवसापर्यंत दूर करू, तोवर कृपया उकळून प्या. आणि परिषदेच्या सभागृहातले जार उचलून तेथे गावाच्या शेवटच्या नळाचे पाणी ठेवावे. अध्यक्षांनी ते प्यावे, सदस्यांनी प्यावे, आणि बोलावणे आले तर आपणही जाऊन प्यावे. ते प्यायला ज्याचा हात पुढे होणार नाही, त्याने ते दुसऱ्याला पुरवू नये.