कापसाचं शुल्क कोणाच्या सांगण्यावरून गेलं?

कपाशीवाल्यांनो, केळीवाल्यांनो, भुसावळकरांनो,

१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. म्हणे, ३० सप्टेंबरपर्यंतच. गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, ट्रम्पसाहेबांचा ५० टक्के कर आपल्या मालावर बसला आणि दुसऱ्याच दिवशी ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. खान्देशातली पूर्वहंगामी कपाशी वेचणीला येते, नेमकं तेव्हापासून बाहेरच्या गाठींना दार सताड उघडं. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता. खेडा खरेदीवाला काय भाव सांगत होता, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

शुल्क काढा, ही कापड उद्योगाची जुनी मागणी. ती त्यांनी उघड केली, त्यात गैर नाही. ज्याला स्वस्त रुई हवी तो मागणारच. सवाल निराळा आहे. निवेदनाखेरीज कोण कोणाला भेटलं? कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला? अमेरिकी कापसाच्या बाजूने दिल्लीत कोणी शब्द टाकला का? हे जाहीर करायला लावणारा कायदाच आपल्याकडे नाही.

अमेरिकेत तो १९९५ पासून आहे. सरकारदरबारी वजन वापरण्याचे पैसे घेणाऱ्याने गिऱ्हाईक कोण, विषय कोणता, रक्कम किती, हे दर तिमाहीला लिहून द्यायचं. त्याच कागदांतून २०१२ मध्ये आपल्याला कळलं की वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चले आणि त्यातला एक विषय भारताची बाजारपेठ होता. कंपनी म्हणाली, खर्च अमेरिकेतला. संसदेत गदारोळ झाला, न्या. मुकुल मुद्गल यांची समिती बसली, ठोस काही हाती लागलं नाही. लागणार कसं? कागद वॉशिंग्टनच्या दप्तरात होता, दिल्लीच्या नाही. तेव्हाचे खासदार कलिकेश सिंहदेव यांनी लॉबिंग उघड करायला लावणारं खासगी विधेयक आणलं, त्याचाही कायदा झाला नाही.

अमेरिका सोवळी आहे असं मात्र समजू नका. स्वतः नावापुरती केळी पिकवणाऱ्या त्या देशाने १९९६ मध्ये केळी-आयातीच्या नियमांवरून युरोपला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, १९९९ मध्ये युरोपच्या मालावर दंडाचे कर लावले. फायदा केळीचा व्यापार करणाऱ्या चिकिटा कंपनीचा, आणि तिचे प्रमुख कार्ल लिंडनर दोन्ही पक्षांचे देणगीदार! रावेर-यावलच्या केळीबागा वादळात झोपतात तेव्हा आपल्यामागे असा लिंडनर नसतो, आणि नकोच. पण तिथे देणगी निदान दिसली. आपल्याला पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे कोणी घेतले ते रोखे रद्द करणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालानंतर, तेही सुप्रीम कोर्टाने रोखे विकणाऱ्या स्टेट बँकेचे कान उपटल्यावर कळलं.

मागणी एकच. शेतमालाच्या आयात-निर्यातीचा निर्णय निघाला की आधीच्या सहा महिन्यांत मंत्री आणि सचिव कोणाकोणाला भेटले, ती यादी सोबत छापा. शेतकऱ्यांची शिष्टमंडळंही त्यात येऊ द्या. आमचं पान कोरं निघालं तर दोष आमचा. जळगावच्या खासदार स्मिता वाघ यांनी लोकसभेत हा लेखी प्रश्न लावावा. रावेरच्या खासदार रक्षा खडसे केंद्रात राज्यमंत्री, त्यांना प्रश्न विचारता येत नाही. त्यांनी स्वतःच्या भेटींची यादी लावून सुरुवात करावी.

– कपाशी आणि केळी पिकवणारे काही शेतकरी, भुसावळ