थंडी पाने रंगवत नाही



कडाक्याची थंडी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधील मेपलची झाडे रंगवते, हे ‘पानगळीचे रंग’ या लेखातील विधान चुकीचे आहे. झाडाला मुख्य इशारा मिळतो तो लहान होत जाणाऱ्या दिवसांकडून. लवकर गोठवणारी थंडी पडली तर पाने रंगण्याआधीच करपतात.

सगळे रंग हरितद्रव्याखाली दडलेले असतात, हेही अर्धसत्य. पिवळी कॅरोटिनॉइड्स आधीपासून असतात; लाल अँथोसायनिन मात्र शरदातच, पानातल्या शर्करेपासून नव्याने बनते. म्हणून लख्ख दिवस आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री लाली वाढवतात.

पाने ‘मरताना सजतात’ हे काव्य. झाड तेव्हा पानांतला नायट्रोजन परत ओढून घेत असते. आणि ‘आपल्याकडे हे दिसतच नाही’ असे लिहिण्याआधी लेखकाने हिवाळ्यात रंगणारा देशी बदाम पाहावा.

— एक वाचक, नाशिक