खुनी कोण, हे गावाला माहीतच असतं

मराठी रहस्यकथेचा साचा ठरलेला आहे. खून होतो, संशयित चार-पाच, आणि शेवटच्या प्रकरणात हुशार नायक खुन्याचं नाव सांगतो. बाबुराव अर्नाळकरांनी अशा हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांना, गुरुनाथ नाईकांना, सुहास शिरवळकरांना मी हसणार नाही. आपल्या वस्तीतल्या कितीतरी पोरांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली. पण त्या जगात माणसं पैशासाठी, बाईसाठी, सूडासाठी मरतात. जातीसाठी मरताना दिसत नाहीत.

म्हणून आमगाव, देवरी, सडक अर्जुनीसारख्या गावावर पहिली गुन्हेकथा लिहू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा साचा उचलू नका. आपल्याकडे खुनी कोण, हे आठवडी बाजारात सगळ्यांना माहीत असतं. खरं रहस्य आहे ते कागदावरून नाहीसं कसं होतं, हे.

खैरलांजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात. १९९९ पर्यंत तर आपण एकाच जिल्ह्यात होतो. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांची हत्या झाली. प्रेतं कालव्यात टाकली. मग अनैतिक संबंधांची कुजबुज पसरवली गेली. शवविच्छेदनावर प्रश्न उभे राहिले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. चार खून सिद्ध झाले आणि जात निकालातून बाहेर राहिली! एवढं मोठं रहस्य कुठल्या डिटेक्टिव्हने सोडवलंय?

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, गुन्हेकथा म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा मोर्चाला या. मोर्चाला यावंच. पण अण्णाभाऊंनी १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तेव्हा काय केलं? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. अण्णाभाऊंनी विचारलं, गुन्हेगार नेमका कोण? अमेरिकेत वॉल्टर मोस्लीच्या १९९० च्या पहिल्या प्रकाशित कादंबरीतला नायक नोकरी गेलेला काळा कामगार आहे. तो शोध घेतो आणि पोलीस त्याच्यावरच संशय घेतात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

तुमचा शोध घेणारा माणूस कोट घालून येणार नाही. ती आशा वर्कर असेल, तहसीलच्या आवारात अर्ज लिहून देणारा असेल, शवविच्छेदनाच्या खोलीत काम करणारा असेल. (आणि कृपा करून त्याला सिगारेट देऊ नका, खर्रा द्या.)

एक गोष्ट मात्र करू नका. बाईच्या देहावरचा अत्याचार पानंच्या पानं चवीने रंगवू नका. ते काम वृत्तवाहिन्या करतात.

त्यापेक्षा कायदा वाचा. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. मुद्दाम कर्तव्य टाळणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली शिक्षा आहे. मग तुमच्या कादंबरीत फिर्याद किती वाजता दिली आणि किती वाजता नोंदली? पंच कोणाच्या शेतावर कामाला जातात? धान कापणीच्या हंगामात साक्षीदाराची मजुरी कोणी बंद केली, आणि गिरणीवाल्याने त्याचं दळण का परत पाठवलं? पहिलं प्रकरण इथून सुरू करा.